कर्करोगाचे उपचार आणि मित्राचा वाटा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रोगावर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. म्हणून प्रथमच सांगतो, की हा लेख रोगावर नाही. रोगावर लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांचा. माझ्या वर्गातील एका जिवलग मित्राला २०२४ च्या ऑगस्टमध्ये हॉजकिन लिम्फोमा हा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर सुमारे सहा महिने त्याचे उपचार चालले. त्या काळात रुग्णालयाच्या बाकावर बसून, त्याची आई आणि डॉक्टर यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करून व औषधांची बिले फायलीत लावून जे शिकायला मिळाले, ते विद्यार्थी मित्रांपुढे आणि प्राध्यापकांपुढे व्यवस्थित मांडावे, एवढाच हेतू आहे. मित्राने हा मजकूर वाचला आहे व छापण्यास संमती दिली आहे. त्याच्या इच्छेवरून नाव मात्र दिलेले नाही.

आपला मित्र अशा आजारात सापडला तर आपण काय करावे, असे कोणालाही विचारा. ‘धीर द्यावा’ हेच उत्तर मिळते. उत्तर चुकीचे नाही. पण धीर किती वाजता द्यायचा आणि कोणत्या डब्यात घालून न्यायचा, हे कोणी सांगत नाही. माझे म्हणणे असे, की मित्राचा खरा वाटा मोजता येण्याजोग्या लहान कामांत असतो. ती कामे ठरलेल्या दिवशी, शेवटपर्यंत करत राहणे आणि निर्णय मात्र रुग्णाच्या हाती ठेवणे, यालाच धीर देणे म्हणावे.

रोगाची थोडी ओळख

आपल्या शरीरात मान, काख, जांघ अशा ठिकाणी लसिका ग्रंथी असतात. त्यांतील पेशींचा हा कर्करोग. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे १८९८ मध्ये कार्ल स्टर्नबर्ग आणि १९०२ मध्ये डोरोथी रीड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या त्याच्या विशिष्ट पेशी वर्णिल्या. दोन केंद्रके असलेली ही मोठी पेशी घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसते, असे पाठ्यपुस्तकांत म्हटलेले असते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या रोगाचे बहुतेक रुग्ण दगावत. १९६० नंतर अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. १९७५ मध्ये इटलीतील मिलान येथील जियानी बोनाडोना यांनी चार औषधांचा नवा संच प्रसिद्ध केला. औषधांच्या आद्याक्षरांवरून त्याला एबीव्हीडी म्हणतात. आज या रोगाचे बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात.

हा इतिहास मित्राला कशासाठी हवा? तर ‘कॅन्सर म्हणजे संपले’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात दहा तोंडांतून ऐकू येते म्हणून. कर्करोग हा एक रोग नव्हे. त्या एकाच नावाखाली शेकडो रोग आहेत. कोणाच्या तरी काकांना तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झाला होता, त्यांचे जे झाले ते याचे होईल, हा हिशेब मुळातच चुकतो.

दुसरी एक गोष्ट आपल्या वयाच्या सर्वांनी ध्यानात ठेवावी. हा रोग पंधरा ते पस्तीस या वयात विशेष आढळतो. मानेवरची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखी आहेत आणि आपल्याकडे क्षय अधिक, त्यामुळे प्रथम संशय तिकडेच जातो. खरा निवाडा गाठीचा तुकडा काढून तपासल्यावरच, म्हणजे बायॉप्सीने होतो. दोन-तीन आठवड्यांत न जिरणारी गाठ डॉक्टरांना दाखवावी, मग ती दुखो वा न दुखो.

दोन भाषा आणि एक अवघड शब्द

मित्राचे घर कन्नड बोलणारे. आम्ही सारे त्याच्या आईला अव्वाच म्हणतो. त्यांना कन्नडाखेरीज भाषा येत नाही; डॉक्टर मराठी व इंग्रजी बोलणारे. आमच्या भागात हे नेहमीचेच. येथले रुग्ण हुबळीला जातात, मिरजेला जातात, बंगळूरच्या किदवाई संस्थेत जातात आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयातही जातात. परळचे हे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले व १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. किदवाई संस्था १९७३ ची. म्हणजे एका दिशेला गेले तर कन्नड लागते, दुसऱ्या दिशेला गेले तर मराठी-हिंदी. ज्याला दोन्ही येतात त्याला दुभाषी व्हावेच लागते.

बायॉप्सीचा अहवाल आला त्या दिवशी अव्वांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की तो शब्द माझ्या मुलापुढे उच्चारू नकोस. त्यांना ‘गड्डे’ एवढेच सांगायचे होते; गड्डे म्हणजे गाठ. अनेक घरांत असेच घडते आणि त्यामागे मायाच असते. परंतु मित्र वीस वर्षांचा. दर पंधरा दिवसांनी हातात सुई घेणारा तो. केस गेल्यावर आरशात पाहणारा तो. मी त्यांना म्हणालो, “अव्वा, मी आपण होऊन काही सांगणार नाही. पण त्याने मला विचारले तर खोटे बोलणार नाही. हे डॉक्टरांवर सोपवू या.” डॉक्टरांनी फार चांगले केले. त्यांनी मित्रालाच विचारले, “तुझ्या आजाराबद्दल तुला किती जाणून घ्यायचे आहे?” तो म्हणाला, “सगळे.” मग त्यांनी नाव, अवस्था, उपचार आणि बरे होण्याची शक्यता शांतपणे सांगितली. मी ते अव्वांना कन्नडात सांगत गेलो. त्या रडल्या, मित्रही रडला. पण त्यानंतर त्या घरात कुजबूज उरली नाही.

दुभाष्याच्या कामाचे काही नियम मला या प्रसंगातून मिळाले. डॉक्टर जे म्हणाले तेच सांगावे. गोड करू नये आणि आपल्या पदरचे घालू नये. आकडे, तारखा व औषधांची नावे तेथेच वहीत लिहावीत. शब्द नीट निवडावा. कन्नडात ‘ज्वर’ रोजच्या बोलण्यातला आहे, मराठीत आपण ‘ताप’ म्हणतो. पांढऱ्या पेशींना ‘बिळी रक्तकण’ म्हटले की अव्वांना लगेच समजे. शेवटी अव्वांना एकदा विचारावे, “तुम्हाला काय समजले ते मला सांगा.” चूक राहिली असेल तर तेथेच कळते.

आणखी एक नाजूक मुद्दा. काही औषधांचा पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. त्याविषयीचा सल्ला उपचार सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. आईवडिलांसमोर असा प्रश्न तोंडातून निघत नाही. अशा वेळी मित्राने वडीलधाऱ्यांना चहाला बाहेर न्यावे व रुग्णाला डॉक्टरांशी पाच मिनिटे एकट्याने बोलू द्यावे.

उपचारांचे वेळापत्रक

एबीव्हीडीचे एक आवर्तन चार आठवड्यांचे असते. त्यात पहिल्या व पंधराव्या दिवशी शिरेवाटे औषध देतात. सहा आवर्तने म्हणजे बारा खेपा आणि चोवीस आठवडे. आपल्या सत्रपरीक्षेच्या एका सत्राहून हा काळ मोठा आहे. पहिल्या आठवड्यात मित्राच्या दारात चपलांना जागा नव्हती. अशा घरी तिसऱ्या महिन्यात दार कोण वाजवते? म्हणून आम्ही चौघांनी पहिल्याच रविवारी बसून बारा खेपा वाटून घेतल्या. प्रत्येकाला तीन. ज्याची पाळी त्याने सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबायचे; परीक्षा आली तर बदली माणूस स्वतः द्यायचा.

काय घडणार हे आधी माहीत असले की भीती कमी होते. खेपेच्या आदल्या दिवशी रक्त तपासतात. डॉक्सोरुबिसिन हे औषध लाल रंगाचे असते व नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते; ते रक्त नव्हे. डकार्बाझिन प्रकाशात बिघडते, म्हणून त्याची बाटली झाकून लावतात. त्या रात्री व पुढचे दोन-तीन दिवस मळमळते, म्हणून उलटीवरची गोळी सांगितल्या वेळीच घ्यावी. ब्लिओमायसिनचा फुप्फुसांवर परिणाम होऊ शकतो. नवा खोकला किंवा धाप डॉक्टरांपासून लपवू नये. दोन आवर्तनांनंतर पेट स्कॅन करतात आणि तो चांगला आला तर ब्लिओमायसिन पुढे वगळताही येते.

सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी फार कमी होतात. या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर ती तातडीची बाब समजावी. घरातली तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. गोळीने आकडा उतरतो, पण जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. तिसऱ्या खेपेनंतर नवव्या रात्री साडेअकराला मित्राचा ताप १०१ वर गेला. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “हवा बदलली आहे, सकाळी बघू.” पण त्या आठवड्यात ज्याची पाळी होती त्याच्या भावाची गाडी दारात होती आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी फायलीच्या पहिल्याच पानावर होती. अर्ध्या तासात आम्ही रुग्णालयात होतो. रक्ताचे नमुने घेऊन लगेच शिरेतून प्रतिजैविके सुरू झाली. पाच दिवसांनी तो घरी आला. डॉक्टर एवढेच म्हणाले, “रात्रीच आणलेत हे बरे केलेत.” म्हणून सांगतो, फळांच्या करंडीपेक्षा एक चांगला तापमापक ही अधिक उपयोगी भेट आहे. त्याहून उपयोगी म्हणजे रात्री वाजला तरी उचलला जाणारा फोन.

या दिवसांत पाणी उकळून द्यावे. कच्ची कोशिंबीर व बाहेरचे पदार्थ टाळावेत. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने भेटीला जाऊच नये. तोंडात फोड येतात तेव्हा आपला ठेचा बाजूला ठेवावा. दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, गार आंबील जाते.

पैसा, कागद आणि प्रवास

हा आमच्या शाखेचा विषय. एका जाड फायलीत पाच भाग करावेत: अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, बिले व पावत्या, योजनेचे कागद, प्रवास. प्रत्येक कागदावर आल्याची तारीख टाकावी आणि त्याच दिवशी छायाचित्र काढून ठेवावे. दुसरे मत घेण्यास मुंबईला जायचे असेल, तर बायॉप्सीचा छापील अहवाल पुरत नाही. तुकड्याचा मेणातला ठोकळा व काचपट्ट्याही मागून न्याव्या लागतात. हे ठाऊक नसल्याने अनेकांची एक फेरी वाया जाते.

कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. इतरांना ठरलेल्या खर्चाच्या तीस टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. मात्र शिधापत्रिका एका राज्याची आणि रुग्णालय दुसऱ्या राज्यातले, असे आपल्याकडे सहज घडते. तेव्हा रुग्णालय निवडतानाच योजनेच्या खिडकीवर विचारून घ्यावे. रेल्वेत उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या एका माणसाला याच वर्गांत ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाने भरून दिलेला दाखला लागतो. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा व परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अशा ठिकाणी बाहेरगावच्या रुग्णांची अल्प खर्चात सोय होते.

वर्गातून निधी जमवायचा असेल तर आधी मित्राला विचारावे. त्याचा फोटो व अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणे म्हणजे त्याच्या वतीने आपण हात पसरणे होय. आमच्या मित्राने फोटो व नाव दोन्हींना नकार दिला. आम्ही नाव न देता निधी जमवला. दोघांच्या सह्यांचे खाते, प्रत्येकाला पावती आणि औषधाच्या बिलाएवढीच रक्कम थेट दुकानात. दरमहा जमाखर्च मित्राच्या वडिलांना दाखवला. त्यांनी तो कधी मागितला नव्हता, पण दाखवल्यावर त्यांना मदत घेताना मान खाली घालावी लागली नाही.

लेखाशास्त्रात आपण पहिल्या वर्षीच शिकतो, की लाभ घेणाऱ्याचे खाते नावे करावे व लाभ देणाऱ्याचे खाते जमा. रुपयांची वही या नियमाने काटेकोर ठेवावी. पण किती रात्री जागलो, किती तास बुडवले, याची वही उघडूच नये. ती उघडली की रुग्णाला तिचा वास येतो आणि तो आपल्याला काम सांगेनासा होतो.

बोलणे आणि भेटणे

‘काही लागले तर सांग’ हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलेले असते, पण ते रुग्णावरच काम टाकते. त्याऐवजी ‘गुरुवारी चार वाजता नोट्स घेऊन येतो, बरे नसेल तर दारातून देऊन जाईन’ असे म्हणावे. त्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचे उरते.

‘लढ, तू जिंकणारच’ हेही जपून म्हणावे. आजार गेला तर तो जिंकला, हे ऐकायला गोड आहे. पण आजार परत आला तर तो लढण्यात कमी पडला, असे ठरते काय? औषध लागू पडणे न पडणे हे त्याच्या मनगटावर नसते. आपण त्याला म्हणत असू, “आज कंटाळला असशील तर कंटाळ. आम्ही येथेच बसलो आहोत.”

प्रत्येक घरात कोणीतरी पाला, काढा किंवा गावठी औषध घेऊन येतेच. त्यांच्याशी वाद घालू नये. वस्तूचे नाव लिहून घ्यावे व डॉक्टरांना विचारावे. मधल्या काळात ती पुडी फायलीबरोबर ठेवावी, पोटात जाऊ देऊ नये. औषध बंद करून हेच घ्या, असे कोणी म्हणू लागले तर मात्र स्पष्ट नाही म्हणावे.

मित्राचे केस तिसऱ्या आठवड्यात गळू लागले. सोबत म्हणून आपण सर्वांनी डोकी भादरावीत, अशी एक सूचना आली. तसे व्हिडिओ सर्वांनी पाहिलेले असतात. मित्रच म्हणाला, “अव्वापुढे चार मुंडण केलेली पोरे उभी राहिली तर तिला काय वाटेल?” आपल्याकडे मुंडणाचा अर्थ वेगळा आहे. आम्ही त्याला एक सुती टोपी दिली आणि विषय संपवला.

आमच्याकडे भेटले की ‘ऊट आतेनु?’, म्हणजे जेवलास का, हाच पहिला प्रश्न. तोंडाची चव गेलेल्या माणसाला दिवसातून वीस वेळा तो ऐकावा लागे. शेवटी तो म्हणाला, “जेवण सोडून काहीही विचारा.” मग क्रिकेट, कोणाचे कोणाशी बिनसले, वार्षिक संमेलनाचे काय झाले, हे सगळे चालू झाले. आजाराखेरीजच्या गोष्टी त्याला अधिक हव्या होत्या. कधी काहीच नको असे. तेव्हा शेजारी बसून आपापली पुस्तके वाचायची.

महाविद्यालयाचे काम

७५ टक्के हजेरीचा नियम सर्वांना ठाऊक आहे. उपचार सुरू होताच वैद्यकीय प्रमाणपत्रासह अर्ज प्राचार्यांकडे द्यावा, सत्राच्या शेवटी नव्हे. प्राध्यापकांना नम्र विनंती अशी, की वर्गात जाहीर चौकशी करू नये. एकाने त्याला आठवड्याला चार उदाहरणे पाठवावीत, जमेल तेव्हा सोडवून तो परत देईल. आमच्या एका सरांनी असेच केले. मळमळीच्या दिवसांत वही कोरी येई आणि सर काही न लिहिता पुढची चार उदाहरणे पाठवीत. त्यामुळे आपण अजून विद्यार्थी आहोत हे त्याला कळत राहिले. शेवटी त्याचे दोन विषय राहिले. एखादे सत्र मागे पडले तर ते पुढे भरून काढता येते.

ज्यांना रुग्णाच्या घरी जाणे जमत नाही त्यांनी रक्तदान करावे. वय अठरा पूर्ण, वजन किमान ४५ किलो आणि रक्तातील हिमोग्लोबिन किमान १२.५ हवे, दोन दानांत पुरुषांनी ९० व स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. माझ्या मित्राला रक्त लागले नाही, पण रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना ते वारंवार लागते.

उपचार संपल्यावर

बारावी खेप २०२५ च्या फेब्रुवारीत झाली व नंतरचा पेट स्कॅन चांगला आला. घरी पेढे वाटले गेले. लोकांच्या दृष्टीने प्रकरण मिटले. पण त्याचा थकवा पुढे कित्येक महिने राहिला, आणि दर काही महिन्यांच्या तपासणीआधी आठवडाभर त्याला झोप लागत नाही. म्हणून पाळ्यांची वही आम्ही बंद केलेली नाही. तपासणीचा दिवस आला की एक जण बरोबर जातो. फाईल आता तो स्वतः धरतो.

शेवटी एक सूचना. आपल्या ग्रंथालयात मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत एक वही ठेवावी. योजनेला कोणते कागद लागतात, रेल्वेच्या सवलतीचा दाखला कोठे मिळतो, तापाच्या रात्री काय करावे, रुग्णालयात कोण दुभाषी म्हणून येऊ शकेल, हे त्यात लिहिलेले असावे. कन्नड बाजू लिहून देण्याचे माझ्या मित्राने कबूल केले आहे. मराठी बाजूची पहिली चार पाने तयार आहेत. ज्यांना भर घालायची असेल त्यांनी वाणिज्य विभागात भेटावे.

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)